एका प्रवासी गीताची कुळकथा

गिंडीत राहणाऱ्यास पोर्तुगीजांच्या खुणा शोधावयास दूर जावे लागत नाही. जवळच्या चिन्नमलैवरील चर्च १५५१ सालचे मानले जाते. पण दगड एका जागी राहतो. गीत प्रवासास निघते. याच पूर्वकिनाऱ्यापलीकडे श्रीलंकेत आणि त्याहून पूर्वेस मलाक्कात पोर्तुगीज मिश्रबोलीतले एक प्रेमगीत आढळते. मलाक्कात ते ‘जिंगली नोना’, तर श्रीलंकेत ‘सिंगेल नोना’ या नावाने ओळखले जाते.

मलाक्का १५११ साली पोर्तुगीजांनी जिंकले आणि १६४१ साली ते डचांकडे गेले. श्रीलंकेतील त्यांची सत्ता १६५८ साली संपली. राज्यकर्ते गेले, तरी त्यांची बोली गेली नाही. श्रीलंकेत तर ती डचांच्या घरांतही शिरली. कारण त्या घरांतील माता व दाया ही बोली बोलणाऱ्या होत्या. राजाज्ञेने नव्हे, तर माजघराने हे गीत जगविले.

या गीताची मूळ संहिता कोणती, हा अभ्यासकांचा पहिला प्रश्न. शीर्षकापासूनच मतभेद आहेत. पहिला शब्द कोणी ‘सिंहली’ असा लावतात, कोणी त्यात ‘साधी’ वा ‘अविवाहित’ हा अर्थ पाहतात. ‘नोना’ म्हणजे सिंहलीत बाईसाहेब, मलयमध्ये कुमारी. अनुवादकाने कोणती स्त्री मराठीत आणावयाची? एक अर्थ स्वीकारला की दुसऱ्या किनाऱ्यावरची नायिका नाहीशी होते.

माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. हे गीत चार-चार ओळींच्या सुट्या कडव्यांचे आहे. मलाक्कात स्त्री-पुरुषांनी अशी कडवी एकमेकांस उत्तरादाखल गाण्याची, प्रसंगी तेथल्या तेथे रचण्याची, परंपरा आहे. आपल्याकडील सवाल-जबाब वा जात्यावरील ओवी ज्याने ऐकली आहे, त्यास हे नवे वाटू नये. ओवीची मूळ प्रत कोणी मागत नाही. येथेही टिकली ती संहिता नव्हे, तर साचा, चाल आणि उत्तर देण्याची रीत.

या बोलींचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्यांत अग्रगण्य होते गोव्याच्या बार्देशातले सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो (१८५५–१९२२). श्रीलंकेच्या बोलीवर १९०० साली आणि मुंबई-वसईकडील ‘उत्तरेच्या’ बोलीवर १९०६ साली त्यांनी लिहिले. पुढे के. डेव्हिड जॅक्सन यांनी १९९० साली या मौखिक काव्यपरंपरेवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

आता आपल्या दाराशी येऊ. रायगड जिल्ह्यातील कोर्लई गावी याच कुळातली बोली आजही सुमारे हजारभर लोक बोलतात. चौल परिसर १७४० साली मराठ्यांच्या ताब्यात आला. त्यानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षे ती मराठीच्या सान्निध्यात वाढली. शब्द पोर्तुगीज कुळातले; पण क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी सरकले. जे. क्लॅन्सी क्लेमेन्ट्स यांनी १९९६ साली ही घडण सविस्तर दाखविली.

तथापि मराठी वाङ्मयेतिहासात कोर्लईच्या गीतांना स्थान नाही, कारण ती मराठी नव्हेत. पोर्तुगीज वाङ्मयातही ती परकीच. मुळाचा हट्ट धरणारा इतिहास अशा गीतांस दोन्हीकडून बेवारस ठरवितो. ज्या भाषेने त्यांच्या वाक्याचा कणा बदलला, त्या भाषेच्या समीक्षेने तरी त्यांना परके मानू नये. कोर्लईत गाणारे कंठ अजून आहेत. त्यांचे ऐकणे ही उद्यावर टाकण्याजोगी गोष्ट नव्हे.