बत्तीस बोअरची कुळकथा

खडकीच्या दारूगोळा कारखान्यातलं रिव्हॉल्व्हरचं काडतूस हातात आलं, की आधी त्याचं बूड पाहावं. पितळी चकतीवर ‘केएफ’ ही अक्षरं ठोकलेली असतात, मधोमध टोपी बसवलेली असते आणि चकतीची कड नळीच्या बाहेर किंचित आलेली असते. चेंबरमध्ये काडतूस याच कडेवर अडून राहतं. पूर्ण नाव ‘.32 एस अँड डब्ल्यू लाँग’. परवानाधारक आणि बंदुकांचे दुकानदार त्याला नुसतं ‘बत्तीस बोअर’ म्हणतात. खडकीचा कारखाना 1869 सालचा, हे काडतूस 1896 सालचं आणि जन्मानं अमेरिकन. जन्मगावी त्याची सद्दी केव्हाच संपली. भारतात मात्र सामान्य नागरिकाला रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळाला, तर त्याच्या वाट्याला बहुधा हेच येतं.

स्मिथ अँड वेसन कंपनीनं 1878 मध्ये काळ्या दारूवर चालणारं एक आखूड .32 काडतूस आणलं होतं. खिशात मावणाऱ्या लहान रिव्हॉल्व्हरसाठी ते ठीक होतं, पण अंगात जोर नव्हता. अठरा वर्षांनी कंपनीनं त्याची नळी लांबवली आणि आपल्या नव्या ‘हँड इजेक्टर’ रिव्हॉल्व्हरसाठी ‘लाँग’ बाजारात आणलं. प्रतिस्पर्धी कोल्टलाही ते हवं होतं, पण स्मिथ-वेसनचं नाव आपल्या मालावर नको होतं; म्हणून त्यांनी गोळीचं नाक थोडं चपटं केलं आणि ‘.32 कोल्ट न्यू पोलीस’ असं बारसं केलं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट तेव्हा न्यूयॉर्कच्या पोलीस खात्याचा कारभार पाहत होते. शिपायांकडे वाटेल ती हत्यारं असत. रूझवेल्टनी कोल्टची ‘न्यू पोलीस’ रिव्हॉल्व्हर सर्वांसाठी ठरवून दिली, आणि ईशान्येकडच्या इतर काही शहरांच्या पोलिसांनी बत्तीसला जवळ केलं.

हे दिवस फार टिकले नाहीत. 98 ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅमही न भरणारी शिशाची गोळी सेकंदाला सुमारे 235 मीटर वेगानं जाते. आजच्या 9 मिलिमीटर काडतुसाची ऊर्जा तिच्या अडीचपटीहून जास्त असते. अमेरिकी पोलीस .38 स्पेशलकडे वळले, तिथून पुढे पिस्तुलांकडे. बत्तीसचा वंश मात्र वाढत राहिला. 1984 मध्ये त्याचीच नळी लांबवून .32 एच अँड आर मॅग्नम निघालं आणि 2007 मध्ये तेही लांबवून .327 फेडरल मॅग्नम. या दोन्हींच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जुनं बत्तीस आजही चालतं.

भारतात ते टिकलं ते कायद्यामुळे, आणि या कुळकथेतली खरी गोम इथेच आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांनी सैन्य-पोलिसांच्या वापरातली काडतुसं ज्यात बसतात, ती हत्यारं प्रतिबंधित ठरवली. त्यात .380 आणि .455 ची रिव्हॉल्व्हर आली, 9 मिलिमीटर आणि .45 ची पिस्तुलं आली. सरकारी भांडारातून गळालेली गोळी खासगी हत्यारात चालू नये, हा त्यामागचा हिशेब. सैन्यानं ज्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, ते बत्तीस या चाळणीतून सुटलं. अशक्तपणा असा पथ्यावर पडला.

ही रीत इंग्रजांची. मार्टिनी-हेन्री रायफलींच्या काडतुसांची गोळी .450 ची होती आणि त्या रायफली बंडखोरांच्या हाती असल्याची सरकारला धास्ती होती. म्हणून 1907 च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .450 बोअरच्या खासगी रायफलींवर बंदी आली. वाघ-हत्तींच्या शिकारीला येणाऱ्या साहेबांची पंचाईत झाली. लंडनच्या बंदूकवाल्यांनी तातडीनं .465 आणि .470 अशी नवी काडतुसं काढली. आफ्रिकेतल्या शिकाऱ्यांनी पुढे ज्या .470 नायट्रो एक्स्प्रेसचे गोडवे गायले, तिच्या जन्माला हिंदुस्थानातलं एक सरकारी फर्मान कारण आहे. काडतुसाचं आयुष्य तज्ज्ञांच्या मोजमापापेक्षा सरकारी कागदावर जास्त अवलंबून असतं, याचं इतकं ठसठशीत उदाहरण दुसरं नाही.

1980 च्या दशकात नागरिकांसाठी परदेशी हत्यारांची आयात जवळपास बंद झाली आणि मैदान कानपूरच्या सरकारी रिव्हॉल्व्हरला मोकळं मिळालं. तिचा सांगाडा जुन्या ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरचा. खटका दाबून नळी खाली झुकवली, की हत्यार बिजागरीवर उघडतं आणि मधली चांदणी वर येऊन सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर काढते. 2014 मध्ये आलेली हलकी ‘निर्भीक’ही याच घडणीची, याच काडतुसाची.

एक घोटाळा मात्र टाळायला हवा. पिस्तुलातलं ‘बत्तीस’ वेगळं. जॉन ब्राउनिंगचं ते .32 एसीपी काडतूस आखूड आणि जवळजवळ बिनकडेचं. चंद्रशेखर आझादांचं प्रयागराजच्या संग्रहालयातलं कोल्ट त्याच जातीचं. दोन्हींवर .32 असलं तरी एकाची गोळी दुसऱ्यात वापरायची नसते.

नेमबाजांनी या काडतुसाचा खरा गुण ओळखला. धक्का कमी आणि नेम पक्का. सपाट तोंडाची शिशाची गोळी घातली, की कागदाच्या लक्ष्यावर स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण मोजताना वाद राहत नाही. त्यामुळे 25 मीटर सेंटर फायर प्रकारात जगभरचे नेमबाज ते पसंत करतात. 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणांनी याच प्रकारात 590 गुणांच्या विश्वविक्रमाची बरोबरी करून सुवर्ण जिंकलं. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही, ही मात्र खंत.

मग बत्तीस संपत चाललंय का? भारतापुरतं उत्तर ‘नाही’ असंच द्यावं लागतं. 2019 च्या दुरुस्तीनं एका परवानाधारकाकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, तरी बोअरची चौकट बदलली नाही. 2020 मध्ये ब्रिटनची वेब्ली अँड स्कॉट उत्तर प्रदेशात संडीला इथे कारखाना घेऊन आली, तेव्हा तिनं पहिली वस्तू काढली ती .32 रिव्हॉल्व्हर. एकेकाळी साम्राज्याच्या अधिकाऱ्यांना .455 पुरवणारी ही कंपनी! 2023 मध्ये कानपूरनं ‘प्रबळ’ आणली. तिचं चक्र बाजूला उघडतं, म्हणजे वेब्लीची जुनी बिजागरी गेली. काडतूस 1896 चंच आहे. उद्या नियमांच्या त्या यादीतून 9 मिलिमीटर वगळलं, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तिकडे वळेल. यादी आहे तशी राहिली, तर खडकीला हा साचा मोडीत काढायचं काहीच कारण नाही.