बॉनेटवरचं नाक: स्कूपने खरंच पिकअप वाढतो का?

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखं लिहून टाकतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधला खोकला काढलाय.

विषय निघाला माझ्या मामेभावामुळे. तो गोंदियात परमिटची डिझेल गाडी चालवतो, गोंदिया–नागपूर भाडी मारतो. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. "दादा, एक जण कोल्ड एअर इनटेक अन् बॉनेटवर स्कूप बसवून देतो म्हणते. अठरा हजार. पिकअप वाढते, मायलेज वाढते. टाकू का?"

अठरा हजार म्हणजे त्याच्या गाडीचा दीड हप्ता. म्हटलं थांब, मी घरी येतोय, तोवर एक रुपया देऊ नको.

घरी आलो, संध्याकाळी गच्चीवर बसलो, तर वरून बिरसीच्या फ्लाइंग स्कूलचं विमान गेलं. बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी 1940 मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. आणि स्कूपची गोष्ट खरं तर त्याच काळातल्या विमानांपासून समजून घ्यायला हवी.

इंजिन इंधन जाळतं, त्याला हवा लागते. हवा थंड असेल तर तेवढ्याच जागेत जास्त मावते, गरम असेल तर कमी. दुसरी गोष्ट, वेगात जाताना तोंड उघडं ठेवलं तर हवा आपोआप आत कोंबली जाते. युद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या नाकाखाली असं एक तोंड होतं, कार्ब्युरेटरला हवा द्यायला. हिशेब करून बघा. जमिनीलगतच्या हवेत ताशी 600 किमी वेगाला या कोंबण्याने साधारण 16 टक्के जास्त दाब मिळतो. फुकटात 16 टक्के! कोण सोडेल?

आता तोच हिशेब ताशी 100 किमीला करा. हा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. वेग सहापट कमी, तर दाब छत्तीसपट कमी. उरतात अर्धा टक्काही नाही, 0.43 टक्के. मामेभावाला हे कागदावर मांडून दाखवलं. तो म्हणाला, "मग अमेरिकेवाले काहून लावत होते?"

प्रश्न बरोबर होता. 1964 मध्ये फोर्डने थंडरबोल्ट नावाची ड्रॅग रेसची गाडी काढली, जेमतेम शंभर नग. तिच्या पुढच्या चार दिव्यांपैकी आतले दोन काढून त्या भोकांतून मोठे पाइप थेट इंजिनापर्यंत नेले होते. फायदा झाला, पण मुख्यतः थंड हवेचा, कोंबण्याचा नव्हे. त्या काळच्या कार्ब्युरेटरच्या गाड्या बॉनेटखालचीच तापलेली हवा ओढायच्या. बाहेरची हवा दिली की फरक पडणारच. पुढे शेव्हर्लेने 1970 च्या शेव्हेलवर स्कूपचं तोंड उलटं, काचेकडे केलं, कारण वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो. म्हणजे तोंड कुठे आहे यालाही महत्त्व. बॉनेटला अगदी चिकटून वाहणारी हवा सुस्त असते. दोन इंच उंचीचं स्कूप बहुतेक तीच सुस्त हवा पितं.

मग या स्टाइलची लाट जगभर गेली, आपल्याकडे एसयूव्हींवर आली. 2009 मध्ये भारतात आलेल्या फॉर्च्युनरच्या स्कूपचं काम वेगळं होतं. टर्बो हवा दाबतो, दाबली की ती भयंकर तापते, तिला थंड करायला इंटरकूलर. तो त्या गाडीत इंजिनाच्या डोक्यावर होता, स्कूपमधली हवा त्याच्यावरून जायची. इंजिनाच्या आत नाही! 2016 च्या नव्या मॉडेलवर स्कूपच नव्हतं. इंजिन 3 लिटरवरून 2.8 लिटरचं झालं, तरी ताकद थोडी वाढलीच. म्हणून कुठलंही स्कूप दिसलं की बॉनेट उघडून आधी बघा, त्या भोकाखाली काय आहे.

मामेभावाच्या गाडीत त्याखाली काय येणार होतं? साउंड इन्सुलेशनची गादी. बस.

राहिला कोल्ड एअर इनटेक. तो आपण मोजला. सहाशे रुपयांचा ओबीडी डोंगल, मोबाइलवर फुकट अ‍ॅप, आणि दुपारी दोनचं गोंदियाचं ऊन. बाहेर 43 डिग्री. रेल्वे फाटकावर गाडी चालू ठेवून दहा मिनिटं उभे राहिलो, तर आत जाणारी हवा 61. तो उडालाच, "पाहा, तापते की नाही!" म्हटलं चल आता. कोहमाऱ्याला हायवेला लागलो, 80 चा वेग धरला, पाच मिनिटांत आकडा 47 वर आला आणि तिथेच थांबला. म्हणजे कंपनीचा पाइप आधीच पुढच्या जाळीमागून बाहेरची हवा घेतोय. जगातला सर्वात भारी किट लावला तरी फार तर चार डिग्री वाचणार. चार डिग्रीने हवा सव्वा टक्क्याने दाट होते. त्यातही आधुनिक डिझेलची ताकद मुख्यतः किती डिझेल सोडायचं यावर ठरते, आणि ते ईसीयू ठरवतो. फाटकावर तापते हे खरं, पण फाटकावर पिकअप घेऊन जाणार कुठे?

इथे माझी स्वतःची एक गोष्ट कबूल करतो. पहिल्या पगारातून मी माझ्या पेट्रोल हॅचबॅकला तेल लावलेला कॉटनचा कोन फिल्टर बसवला होता. आवाज काय यायचा, वा! मग धान मळणीच्या दिवसांत घरी आलो. रस्त्याला तूस, धूळ, राइस मिलच्या बाजूने तर धुकंच. महिनाभरात चेक इंजिनचा दिवा लागला. फिल्टरचं तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलं होतं, त्यावर धुळीचा थर. सेन्सर बदलला, नऊ हजार गेले. घरी सांगितलं, सर्व्हिसिंग केली.

नंतर कळलं की हा पेच स्पिटफायरलाही पडला होता. उत्तर आफ्रिकेच्या वाळूत इंजिनं खराब व्हायला लागली, म्हणून नाकाखाली वोक्स नावाचा मोठा फिल्टर बसवला. विमान हनुवटी सुजल्यासारखं दिसायचं आणि वेगही घटायचा. तरी बसवला. शेवटी इजिप्तमधल्या अबूकीरच्या कार्यशाळेने त्याहून लहान फिल्टर बनवला. लढाईत, जिथे दर किलोमीटरचा वेग जीवाशी होता, तिथेही लोकांनी आधी धूळ अडवली. आणि मी एक्झॉस्टसारखा आवाज येतो म्हणून कागदाचा फिल्टर फेकून दिला होता.

मामेभावाने किट घेतला नाही. कंपनीचा नवा एअर फिल्टर टाकला, टायरमधली हवा नीट केली. हप्ता वेळेवर गेला.

गेल्या आठवड्यात त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. बॉनेटवर काळं चकचकीत स्कूप. मी लगेच फोन लावला. म्हणाला, "दादा, साडेतीनशेचं आहे, डबल टेपनं चिटकवलं. हवा नाही जात आत, माहीत आहे मले. पण फाटकावर उभी राहते ना गाडी, तवा लोक पाहतेत."