संयुक्त छायाचित्र
दोन किंवा अधिक छायाचित्रांतील भाग जोडून तयार केलेली एकसंध प्रतिमा. हे तंत्र संगणकाहून बरेच जुने आहे. फ्रेंच छायाचित्रकार ग्युस्ताव्ह ल ग्रे याने १८५० च्या दशकात समुद्र व आकाश यांच्या स्वतंत्र निगेटिव्ह एकाच कागदावर छापल्या. कारण तत्कालीन रसायने निळ्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असल्याने समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पांढरे पडत असे. इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडर याने १८५७ मध्ये ‘टू वेज ऑफ लाइफ’ हे चित्र तिसाहून अधिक निगेटिव्ह जोडून साकारले. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनच्या दादावादी कलावंतांनी कात्रणांच्या जोडकामाला राजकीय उपरोधाची धार दिली.

संगणकावर हे काम मुख्यतः थरांच्या आधारे होते. फोटोशॉपमध्ये थरांची सोय १९९४ मधील तिसऱ्या आवृत्तीत आली. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ती आहे. प्रत्येक छायाचित्र वेगळ्या थरावर ठेवून त्याला मास्क लावतात. मास्कचा काळा भाग चित्र लपवतो, पांढरा दाखवतो, तर करडा अर्धपारदर्शक करतो. त्यामुळे मूळ चित्र न खोडता कडा मिसळता येतात. जोड ओळखू येऊ नये म्हणून प्रकाशाची दिशा, रंगछटा, यथादर्शन, सावल्या व चित्राचा कणीदारपणा जुळवावा लागतो.

जाहिराती, पुस्तकांची मुखपृष्ठे व चित्रपटांची पोस्टर यांत हे तंत्र सर्रास वापरतात. वृत्तछायाचित्रणात मात्र ते निषिद्ध आहे : इराक युद्धातील दोन छायाचित्रे जोडून एक केल्याबद्दल ‘लॉस अँजेलिस टाइम्स’ने २००३ मध्ये आपल्या छायाचित्रकाराला बडतर्फ केले.