परवानगीपृच्छा, संगणकीय : पडद्यावरील स्थान

एखादा प्रोग्राम किंवा एखादे संकेतस्थळ कॅमेरा, मायक्रोफोन, वापरकर्त्याचा ठावठिकाणा अथवा संगणकाच्या मूळ व्यवस्थेत फेरफार करण्याचा अधिकार मागू लागले असता, त्या मागणीस मंजुरी द्यावयाची किंवा कसे, हे वापरकर्त्यास विचारण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिम अथवा ब्राउझर पडद्यावर जी चौकट आणतो, तिला परवानगीपृच्छा म्हणतात. ती कोठे उमटावी हा प्रश्न वरकरणी मांडणीचा वाटला, तरी वस्तुतः तो सुरक्षिततेचा आहे. कारण चौकटीचा रंग, अक्षरे व बटणे यांची हुबेहूब नक्कल कोणताही कपटी प्रोग्राम करू शकतो, परंतु जेथे त्याचा अंमल चालत नाही अशा जागी त्याला एक रेषही ओढता येत नाही.

या विचाराचा जुना दाखला अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि मुखपृष्ठाच्या रंगामुळे ‘नारिंगी पुस्तक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निकषसंग्रहात सापडतो. वरच्या श्रेणीच्या यंत्रणांत वापरकर्ता व यंत्रणेचा विश्वासार्ह गाभा यांच्यामध्ये अन्य प्रोग्रामांस मज्जाव असलेला ‘विश्वसनीय मार्ग’ असलाच पाहिजे, अशी अट तेथे आहे. विंडोज एनटीने (१९९३) प्रवेशापूर्वी कंट्रोल, ऑल्ट व डिलीट या कळा एकत्र दाबण्याचा नियम घातला, तो याच हेतूने. हा संकेत थेट यंत्रणेकडे जातो, सामान्य प्रोग्रामला तो अडविता येत नाही. पुढे २००७ मध्ये सर्वसाधारण विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टाने पृच्छेसाठी स्वतंत्र ‘सुरक्षित डेस्कटॉप’ योजला. नेहमीच्या पडद्याचे अंधुक, निश्चल चित्र मागे राहते आणि पुढील चौकटीवर इतर प्रोग्रामांना काही रेखाटता येत नाही, की तिचे बटण परस्पर दाबता येत नाही. विंडोज ७ मध्ये (२००९) पडदा अंधुक न करण्याचा पर्याय देण्यात आला. तो निवडल्यास पृच्छा नेहमीच्याच डेस्कटॉपवर येते आणि हे संरक्षण उणावते.

ब्राउझरमध्ये हद्द अधिक स्पष्ट आहे : पानाचा सर्व भाग संकेतस्थळाच्या स्वाधीन असतो, तर वरची पत्त्याची पट्टी ब्राउझरची असते. म्हणून फायरफॉक्स ४ पासून (२०११) पृच्छेची चौकट त्या पट्टीला टेकून खाली पानावर लोंबती ठेवण्याची पद्धत आली. पानाला आपल्या मर्यादेबाहेर काही काढता येत नसल्याने, ही हद्द ओलांडणारी जोडणीच पृच्छेच्या अस्सलपणाची खूण ठरते. सूचना पाठविण्याच्या परवानग्यांचा अतिरेक झाल्यावर, २०२० मध्ये फायरफॉक्स ७२ ने वापरकर्त्याच्या कृतीवाचून आलेल्या अशा मागण्या पट्टीतील लहानशा चिन्हामागे ठेवल्या.

स्थानाच्या या आधारासही मर्यादा आहेत. संपूर्ण पडदा व्यापण्याची मुभा मिळालेले पान ही हद्दच झाकून टाकते. म्हणूनच ब्राउझर त्या वेळी एस्केप कळीने बाहेर पडण्याची सूचना दाखवितो. अंधुक पडद्याचे सोंगही वठविता येते. त्यावर उपाय म्हणून पासवर्ड देण्यापूर्वी वरील तीन कळा दाबण्याची सक्ती विंडोजमध्ये करता येते. शिवाय योग्य स्थान पृच्छा अस्सल असल्याचे सांगते, मागणाऱ्याच्या सचोटीची हमी देत नाही. तेव्हा चौकटीत लिहिलेले नाव वाचूनच मंजुरी द्यावी, आणि नाव अपरिचित किंवा मागणी अप्रस्तुत असल्यास ती निःसंकोच नाकारावी, हेच श्रेयस्कर होय.