पहारेकऱ्याने वाचलेला आकडा

१/ मार्च २०१९. लिनक्सवरील अ‍ॅप्स वेगवेगळ्या कप्प्यांत बंदिस्त ठेवणाऱ्या ‘फ्लॅटपॅक’मध्ये एक फट उघडकीस आली. ती दोन वर्षांपूर्वीच बुजवली, असा समज होता. तिचे मूळ मात्र १९८० च्या दशकातील बर्कली युनिक्सपर्यंत पोहोचते.

२/ त्या युनिक्समध्ये ‘टीआयओसीएसटीआय’ नावाची सोय होती. प्रोग्रॅमने दिलेले अक्षर जणू वापरकर्त्यानेच टंकले आहे, असे टर्मिनल मानी. ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये आधी लिहिलेला पत्ता दुरुस्तीसाठी पुन्हा समोर आणायला ती उपयोगी पडे. पुढे लिनक्सनेही ती स्वीकारली.

३/ फ्लॅटपॅकचा पायाच अविश्वासाचा : बाहेरून आलेल्या अ‍ॅपला वापरकर्त्याच्या फायलींना मोकळेपणी हात लावू द्यायचा नाही. परंतु असे अ‍ॅप टर्मिनलवरून सुरू केले, तर ते या सोयीने तिथे एखादी आज्ञा ‘टंकू’ शके. अ‍ॅप संपताच कप्प्याबाहेरचे शेल ती आज्ञा मालकाचीच समजून पाळी. कैद्याने तुरुंगाधिकाऱ्याच्या हस्ताक्षरात सुटकेचा हुकूम लिहावा, तसा हा प्रकार.

४/ २०१७ मध्ये त्यावर उपाय झाला. कर्नेलच्या दारात एक गाळणी बसवली : मागणीचा क्रमांक २१५२२, म्हणजे या सोयीचा, असेल तर नकार. पण ६४ बिटांच्या संगणकावर गाळणी पूर्ण ६४ बिटांची संख्या ताडून पाही, तर कर्नेल त्यातले खालचे ३२ बिटच वाची. वरच्या बिटांत काहीतरी भरले, की गाळणीला क्रमांक निराळा दिसे आणि कर्नेलला तोच. ‘स्नॅप’ या दुसऱ्या व्यवस्थेतही हीच चूक निघाली.

५/ दुरुस्ती छोटीशी होती : गाळणीनेही खालचे ३२ बिटच तपासावेत. ओपनबीएसडीने तर २०१७ मध्येच ही सोय मुळातून काढून टाकली होती. लिनक्सने २०२३ च्या ६.२ आवृत्तीत ती बंद ठेवण्याचा पर्याय दिला.

६/ वेशीवरचा पहारेकरी आणि आतला किल्लेदार एकच परवाना दोन रीतींनी वाचू लागले, तर तट कितीही उंच असून उपयोग नाही. इथे दोघेही आपापल्या परीने बरोबर वाचत होते. दोघांचे वाचन जुळते का, हे मात्र दोन वर्षे कुणी ताडून पाहिले नव्हते.