सियालदह आणि हॉलिवूडची प्रेमकथा

हॉलिवूडचा प्रेमपट कलकत्त्यात उतरला चौरंगीवर आणि रुजला सियालदहला. या दोन ठिकाणांत ट्रामने थोड्याच वेळाचे अंतर असले, तरी प्रेक्षक अगदी वेगळा होता. चौरंगीवर एमजीएम कंपनीने १९३५ च्या सुमारास स्वतःचे मेट्रो थिएटर उभारले. त्याचा आराखडा अमेरिकन वास्तुरचनाकार थॉमस लॅम्ब यांचा. मुंबईत धोबीतलावजवळचे १९३८ चे मेट्रोही त्यांचेच. मेट्रो, लाइटहाउस, न्यू एम्पायर, ग्लोब या चित्रगृहांत साहेब, अँग्लो-इंडियन आणि इंग्रजी शिकलेले बंगाली बाबू जात. शाळकरी वयातल्या सत्यजित राय यांनी अर्न्स्ट लुबिच यांचे प्रेमपट याच भागात पाहिले. डिआना डर्बिन या नटीला त्यांनी पत्र पाठवले आणि तिचे उत्तरही आले. या चित्रपटांतले संवाद सगळे इंग्रजीत. डबिंग नसे, त्यामुळे अर्धा सिनेमा प्रेक्षकाला चेहऱ्यांवरूनच वाचावा लागे. पडदाभर पसरलेला नायिकेचा चेहरा, केसांमागून येणारा मऊ प्रकाश, डोळ्यांत थबकलेले पाणी एवढे समजायला भाषा लागत नव्हती.

सियालदहचा प्रेक्षक रेल्वेने येणारा होता. ईस्टर्न बेंगाल रेल्वेची गाडी १८६२ मध्ये येथून कुष्टियापर्यंत धावू लागली. १८७१ मध्ये लोहमार्ग पद्मेच्या काठी गोआलंदोला पोहोचला; तेथून आगबोटीने ढाक्याकडे जाता येई. पूर्व बंगालचा विद्यार्थी, कारकून, वकिलाचा उमेदवार असे सगळे सियालदहला उतरत आणि हॅरिसन रोडच्या, म्हणजे आजच्या महात्मा गांधी रस्त्याच्या आसपास एखाद्या ‘मेस’मध्ये खाट धरत. मेस म्हणजे बिऱ्हाड गावी ठेवून शहरात आलेल्या पुरुषांची खानावळ आणि राहण्याची खोली एकाच छपराखाली. गिरगाव-परळच्या चाळीतल्या गाळ्यांत कोकणातून आलेला चाकरमानी जसा राहत असे, त्याच जातीचा हा संसाराविना संसार. उत्तमकुमार आणि सुचित्रा सेन यांचा एकत्र पहिला चित्रपट ‘साडे चुयात्तर’ (१९५३) अशाच एका मेसमध्ये घडतो, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

बंगाली चित्रपटांचे वितरण तेव्हा तीन-तीन चित्रगृहांच्या साखळ्यांतून होई. एक चित्रगृह उत्तर कलकत्त्यात, एक मध्यभागी आणि एक दक्षिणेत. वर्तमानपत्राच्या जाहिरातीत तिन्ही नावे एका दमात छापलेली असत: मिनार-बिजली-छविघर, उत्तरा-पूरवी-उज्ज्वला, रूपवाणी-अरुणा-भारती, श्री-प्राची-इंदिरा. ही नावे नीट पाहिली की सियालदहचे महत्त्व ध्यानात येते. छविघर, पूरवी आणि अरुणा महात्मा गांधी रस्त्याच्या पट्ट्यात. प्राची तर स्थानकाच्या अगदी जवळ. जवळजवळ प्रत्येक साखळीचा मधला दुवा सियालदहच्या पायी चालण्याच्या टप्प्यात होता. उपनगरांतून लोकलने येणाऱ्याला स्थानकाबाहेर पडून खेळ पाहता येई आणि शेवटची गाडी गाठून घरीही परतता येई. कुठला बंगाली प्रेमपट चालला आणि कुठला पडला, हे ठरवण्यात या प्रवासी प्रेक्षकाचा हात मोठा होता.

हॉलिवूडच्या दोन प्रेमपटांची बंगाली रूपे याच काळात आली. त्यांतले जास्त मोलाचे म्हणजे अजय कर यांचे ‘हारानो सुर’ (१९५७). त्याचे मूळ मर्विन लेरॉय यांच्या ‘रँडम हार्वेस्ट’ (१९४२) या चित्रपटात, आणि त्याच्याही मागे जेम्स हिल्टन यांची कादंबरी. रोनाल्ड कोलमन आणि ग्रीअर गार्सन यांच्या या चित्रपटाला ऑस्करची सात नामांकने मिळाली, पुरस्कार मात्र एकही नाही. कथा अशी: पहिल्या महायुद्धात स्मृती गमावलेला सैनिक वेड्यांच्या इस्पितळातून बाहेर पडतो. एक नटी त्याला आसरा देते, दोघे लग्न करून एका लहानशा घरात राहू लागतात. लिव्हरपूलला गेला असताना त्याला अपघात होतो. जुनी ओळख परत येते आणि मधली वर्षे, बायकोसकट, पुसली जातात. तो श्रीमंत घराण्यातला निघतो. ती त्याच्याच कचेरीत सेक्रेटरी म्हणून येते आणि रोज त्याच्यासमोर बसते, पण एका शब्दाने ओळख देत नाही. त्याच्या खिशात एक किल्ली असते. ती कोणत्या दाराची, हे त्याला आठवत नाही. अखेरीस तो त्या जुन्या घरापाशी पोहोचतो, फाटक कुरकुरते, मोहोरलेली फांदी वाटेत येते आणि किल्ली कुलपात फिरते. सगळ्या चित्रपटाचा भार त्या एका किल्लीवर आहे.

अजय कर मूळचे छायालेखक. चेहऱ्यावर प्रकाश कसा टाकावा, हे ज्ञान त्यांच्या हातात होते आणि सुचित्रा सेनच्या चेहऱ्यासाठी त्यांनी ते पुरेपूर वापरले. कथेतले फेरबदलही विचाराने केलेले आहेत. महायुद्धाची जागा अपघाताने घेतली. नटीची जागा रमा या डॉक्टर स्त्रीने घेतली. पन्नाशीच्या दशकातल्या शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बंगाली मुलीला आपली वाटावी अशी ही नायिका. आलोक या रुग्णाला ती पलाशपूरला नेते आणि तेथेच त्यांचे लग्न होते. दुसऱ्या अपघातानंतर आलोक तिला विसरतो. मग ती सेक्रेटरी म्हणून येत नाही. त्याच्या भाचीला सांभाळणारी शिक्षिका म्हणून त्याच्याच घरात राहते. कचेरीतून कथा घरात आल्यामुळे ताटातूट अधिक जवळून सोसावी लागते: नवऱ्याच्या घरी पगारी माणूस म्हणून वावरणे. हेमंत मुखर्जी यांचे संगीत आणि गीता दत्त यांचा आवाज यांमुळे हरवलेल्या आठवणीला एक चाल मिळाली. मूळ चित्रपटात जे काम किल्ली करते, ते येथे गाणे करते. हा बदल मुळापेक्षा सरस आहे.

ही कथा भारतीय मनाला परकी वाटली नाही, याचे कारण उघड आहे. नवऱ्याने विसरलेली बायको आणि ओळखीची खूण ही तर शकुंतलेची कथा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचा प्रवाह त्यातून वाहता झाला. ‘रँडम हार्वेस्ट’ पडद्यावर आल्यानंतर वर्षभरातच, १९४३ मध्ये, व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिराचा पहिला चित्रपट म्हणून ‘शकुंतला’च निवडला. अंगठीची किल्ली झाली, दुर्वासाच्या शापाची जागा अपघाताने घेतली, एवढाच काय तो फरक. हॉलिवूडने जे पाठवले ते येथे अनोळखी म्हणून आले नाही.

पण सियालदहला या कथेचा आणखी एक अर्थ होता. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली लाखो माणसे याच स्थानकावर उतरली. कित्येक कुटुंबे आठवडेच्या आठवडे फलाटावर राहिली: ट्रंका, वळकट्या, चूल, आजारी मूल, सगळे उघड्यावर. निमाई घोष यांनी ‘छिन्नमूल’ (१९५०) मध्ये हे निर्वासित प्रत्यक्ष सियालदहवर चित्रित केले. रशियन दिग्दर्शक पुदोवकिन यांनी कलकत्त्यात तो पाहिला आणि त्याची वाखाणणी केली. त्या फलाटापासून थोड्या अंतरावर काही वर्षांनी ‘हारानो सुर’सारखे चित्रपट गर्दी खेचत होते. घर मागे राहिलेले, किल्ली मात्र जवळ, अशी माणसे त्या गर्दीत होती. स्वतः सुचित्रा सेन सीमेपलीकडे गेलेल्या पाबन्याच्या. विस्मरण, ताटातूट आणि शेवटी कुणीतरी नाव घेऊन हाक मारणे, हा क्रम त्या प्रेक्षकाला कल्पनेतला वाटला नसेल. हॉलिवूडच्या प्रेमपटाची पकड टिकली ती या जागी. श्रीमंती, टोप्या, मोटारी, नृत्यगृहे कालांतराने जुनी झाली. आपल्याला विसरलेला माणूस परत ओळखेल, ही आशा जुनी झाली नाही.

दुसरे रूपांतर हलक्याफुलक्या जातीचे. फ्रँक काप्रा यांच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४) वरून ‘यात्रिक’ या दिग्दर्शकत्रयीने, ज्यात तरुण मजुमदार होते, ‘चाओया पाओया’ (१९५९) काढला. त्याआधीच मुंबईत त्याच कथेवरचा राज कपूर-नर्गिस यांचा ‘चोरी चोरी’ (१९५६) येऊन गेला होता. श्रीमंत बापाची पळालेली मुलगी आणि तिच्यामागे लागलेला पत्रकार. मूळ चित्रपटात ही दोघे एका खोलीत रात्र काढतात तेव्हा मध्ये दोरी बांधून तिच्यावर एक घोंगडी टांगतात, आणि सगळी ओढ त्या घोंगडीच्या दोन बाजूंना साठत जाते. १९३४ च्याच मध्यापासून अमेरिकेत चित्रपटांची आचारसंहिता कडकपणे लागू झाली. पुढची दोन दशके हॉलिवूडला प्रेम असेच आडपडद्याने दाखवावे लागले. भारतीय सेन्सॉर आणि भारतीय संकोच यांना हे फारच सोयीचे होते. चुंबन नसलेला प्रेमपट कसा रंगवायचा, याचे धडे येथील दिग्दर्शकांना थेट हॉलिवूडकडूनच मिळाले.

उत्तमकुमार आणि सुचित्रा सेन यांनी सुमारे तीस चित्रपट एकत्र केले. शेवटचा ‘प्रिय बांधवी’ १९७५ चा. तोवर काळ बदलला होता. १९६५ च्या युद्धानंतर सियालदहहून पूर्व बंगालला जाणाऱ्या गाड्या बंद पडल्या. १९७१ मध्ये अमेरिकन कंपन्यांशी असलेला आयातीचा करार संपला आणि काही वर्षे हॉलिवूडचे नवे चित्रपट जवळपास येईनासे झाले. पुढे दूरदर्शन आले, मेस ओस पडल्या, चित्रगृहांच्या साखळ्या तुटल्या. चौरंगीवरच्या लाइटहाउसच्या जागी दुकाने आली, मेट्रोचे मल्टिप्लेक्स झाले. महात्मा गांधी रस्त्यावरच्या पूरवी आणि छविघर यांची दारेही बंद झाली.

‘रँडम हार्वेस्ट’ आज अमेरिकेत प्रामुख्याने जुन्या चित्रपटांचे चाहते पाहतात. ‘हारानो सुर’ मात्र बंगाली घरांत अजून लागतो, विशेषतः २४ जुलैला, उत्तमकुमार यांच्या स्मृतिदिनी. सियालदह स्थानकाजवळचे प्राची चित्रगृह अजूनही चालू आहे आणि तेथे बंगाली चित्रपट लागतात.