पारदर्शक एअरसॉफ्ट बंदुकीचे रंगकाम

पारदर्शक एअरसॉफ्ट बंदुकीचे रंगकाम म्हणजे आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यातील बंदुकीच्या कवचावर घरच्या घरी रंग चढविणे होय. एअरसॉफ्ट हा खेळ १९७० च्या दशकात जपानमध्ये उदयास आला. स्प्रिंगच्या किंवा दाबलेल्या वायूच्या जोरावर ही बंदूक ६ मिलिमीटर व्यासाचे प्लॅस्टिकचे छर्रे फेकते. महाराष्ट्रात ती दिवाळीतील टिकल्यांच्या बंदुकीइतकी परिचित नाही.

पारदर्शकतेचे प्रयोजन

कवच पारदर्शक ठेवण्यामागे काटकसर किंवा हौस नसून ओळख हे कारण आहे. वस्तू खेळणे आहे, हे दुरूनही कळावे, असा हेतू असतो. अमेरिकेत खेळण्यातील बंदुकीच्या नळीचे टोक नारिंगी असावे लागते. संपूर्ण पारदर्शक बांधणी हा त्याला मान्य पर्याय आहे. ब्रिटनच्या २००६ च्या कायद्यानुसार अशा खेळण्यात बदल करून त्याला खऱ्या बंदुकीचे रूप देणे हा गुन्हा ठरतो. संघटित एअरसॉफ्ट खेळासाठी मात्र सवलत आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात १२ वर्षांच्या एका मुलाच्या हातातील एअरसॉफ्ट पिस्तुलाला नारिंगी टोक राहिलेले नव्हते. पोलिसांच्या गोळीने जखमी झालेला तो मुलगा दुसऱ्या दिवशी मरण पावला. काळा किंवा पोलादी रंग दिल्यास ही ओळखच पुसली जाते. म्हणून लाल, पिवळा, निळा असे भडक रंग योग्य ठरतात.

पद्धत

छर्रे काढून कवचाचे स्क्रू सोडवितात. आतील स्प्रिंग ताणलेली असल्यास ती उसळून डोळ्याला इजा होऊ शकते. कवच साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवितात व बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलकेच घासतात. नंतर प्लॅस्टिकसाठीचे अस्तर आणि त्यावर स्प्रे रंगाचे पातळ हात देतात. एकच जाड हात दिल्यास रंग ओघळतो. थिनर वा पेट्रोलने पुसणे टाळावे. पारदर्शक प्लॅस्टिकला त्याने सूक्ष्म तडे जातात. चाप, नळी व छऱ्यांचा मार्ग रंगवीत नाहीत. रंग कवचाच्या आतील बाजूने दिल्यास बाहेरची चकाकी टिकते आणि रंग हाताळण्याने खरवडला जात नाही.

हवामानाचाही परिणाम होतो. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. तेव्हा रंगाचे तुषार पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच सुकून थर खरखरीत होतो. पावसाळी दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते. सकाळची कोरडी वेळ आणि मोकळी जागा उत्तम. बंद खोलीत वाफा श्वासात जातात.

भारतातील स्थिती

घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण भारतात ९० पीपीएमपर्यंत मर्यादित आहे. औद्योगिक रंगांना हा नियम लागू नाही. त्यामुळे वाहनांसाठीचा स्प्रे मुलांच्या खेळण्यावर वापरू नये. मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. घरी चढविलेल्या रंगाची अशी कोणतीही तपासणी झालेली नसते. नकली बंदुकीचे परवान्याशिवाय खऱ्या अग्निशस्त्रात रूपांतर करण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ अन्वये मनाई आहे. केवळ रंग देणे या कलमात मोडत नाही.